ओट्याचा काळा ग्रॅनाइट खरंच ग्रॅनाइट असतो का? आणि मग टेकडीवरचा काळा दगड कोण?

कोथरूडची_मी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली. घरी किचनचं काम काढलंय (का काढलं हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे) आणि ओट्यासाठी दगड बघायला गेलो तर दुकानदाराने सगळ्यात काळाकुट्ट स्लॅब पुढे केला, म्हणाला ताई एक नंबर ग्रॅनाइट, डोळे झाकून घ्या. बरोबर लेक होता, त्याचं शाळेत नुकतंच खडकांचं प्रकरण झालंय, तो तिथल्या तिथे म्हणाला आई ग्रॅनाइट काळा नसतो, काळा म्हणजे बेसॉल्ट, आपल्या वेताळ टेकडीवरचा. दुकानदार हसला, अहो हसले, विषय तिथेच संपला असता, पण घरी येऊन मी त्याचं पुस्तक उघडलं तर पोराचं बरोबरच वाटतंय की हो. त्यात लिहिलंय ग्रॅनाइट आत खोल थंड होतो, स्फटिक मोठे, आणि बेसॉल्ट बाहेर येऊन थंड होतो, दाणे बारीक. मग दुकानातला काळा स्लॅब नक्की कोण? आणि दोन्ही जर अग्निज, दोन्ही शिलारसापासूनच, तर एक काळा आणि एक गुलाबी-पांढरा ठिपक्याठिपक्यांचा कसा काय होतो? फक्त हळू थंड झाल्याने रंग बदलतो का? जाणकारांनी सोप्या मराठीत सांगा, मी कॉमर्सवाली आहे.

निवांत:

रुमाल टाकून ठेवतो. धागा तापणार. (अग्निज आहे म्हणून.)

खडूस_काका:

ओटा करायचाय की पीएचडी? आमच्या वाड्यात कडप्पा होता, त्यावर तीन पिढ्यांचा स्वयंपाक झाला. कडप्पा टाका आणि मोकळ्या व्हा.

शिलारस:

लेकाला अर्धी शाबासकी द्या. तो दगड ग्रॅनाइट नाही हे त्याचं बरोबर. पण बहुतेक तो बेसॉल्टही नसणार. बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जे मिळतं ते बरंचसं डोलेराइट किंवा गॅब्रो असतं, चामराजनगरकडून येतं, तमिळनाडूतून येतं, तेलंगणातून येतं. दगडाच्या धंद्यात ग्रॅनाइट म्हणजे कठीण, पॉलिश धरणारा, लिंबाने न खाल्ला जाणारा कुठलाही दगड, त्यांना त्याच्या जन्माशी काही देणंघेणं नाही. नॉर्वेतून येणारा 'ब्लू पर्ल' बघितला असेल, निळसर चमकणारा, त्यालाही दुकानात ग्रॅनाइटच म्हणतात, तो लार्विकाइट आहे, लार्विक गावाजवळचा, आणि खऱ्या ग्रॅनाइटमध्ये भरपूर असणारं क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) त्यात जवळपास नसतंच. दुकानदार फसवतोय असं नाही, त्याची वर्गवारी वेगळी आहे इतकंच.

आता भूशास्त्रातली वर्गवारी. अग्निज खडक हातात आला की आम्ही दोन प्रश्न विचारतो आणि ते दोन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवायचे, शाळेच्या पुस्तकात नेमकी इथेच गल्लत होते. पहिला प्रश्न, हा कुठे आणि किती वेळ घेऊन थंड झाला. त्याचं उत्तर दाण्यांच्या आकारात मिळतं. दुसरा प्रश्न, हा कशाचा बनलाय. त्याचं उत्तर खनिजांत, आणि शेवटी सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) किती यात मिळतं. पुस्तकात ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट ही जोडी समोरासमोर ठेवतात तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम बदललेल्या असतात, दाणेही वेगळे आणि मसालाही वेगळा, म्हणून मुलांना वाटतं की हळू थंड झाला की काळ्याचा गोरा होतो. तसं अजिबात नाही. बेसॉल्टचाच रस खोल जमिनीत राहून अगदी सावकाश थंड झाला तर होतो गॅब्रो. तोही काळाच, फक्त दाणे डोळ्यांना सुटे दिसतील असे मोठे. मधल्या खोलीवर, भेगांत घुसून थंड झाला तर डोलेराइट. रसायन एकच, नावं तीन. तसंच ग्रॅनाइटचा रस बाहेर येऊन पटकन गोठला तर तो रायोलाइट.

सिलिकाचं बोलायचं तर बेसॉल्ट-गॅब्रो या कुटुंबात साधारण ४५ ते ५२ टक्के, मधल्या अँडेसाइट-डायोराइटमध्ये ५२ ते ६३, आणि ग्रॅनाइट-रायोलाइटमध्ये ७० च्या आसपास किंवा वर. सिलिका कमी म्हणजे लोह-मॅग्नेशियम जास्त, म्हणजे पायरॉक्झिन, ऑलिव्हिन अशी गडद खनिजं, म्हणून काळा. सिलिका जास्त म्हणजे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, म्हणून पांढरा, राखाडी, गुलाबी. गुलाबी रंग बहुतेक वेळा पोटॅश फेल्डस्पारचा.

तुमच्या स्लॅबच्या न पॉलिश केलेल्या कडेकडे उन्हात बघा. बारीक का होईना पण एकमेकांत अडकलेले दाणे आणि पांढुरक्या काड्या दिसल्या तर डोलेराइट समजा.

कोथरूडची_मी:

बाप रे धन्यवाद! हे आज रात्री लेकाला वाचून दाखवते. पण मग काळा दिसला की सिलिका कमी, हे पक्कं धरायचं ना?

शिलारस:

नाही धरायचं. ऑब्सिडियन बघा, ज्वालामुखीतली काच, काळी कुळकुळीत, पण सिलिका ७० टक्क्यांच्या वर. तो रायोलाइटचाच रस, इतका झटकन गोठला की स्फटिक बनायला सवडच मिळाली नाही. काचेत लोहाचा अगदी थोडा अंश असला तरी ती काळी दिसते. रंग हा पहिला अंदाज, त्यावर पैज लावायची नाही.

कडवट_कॉफी:

मला वाटतं हे किचनमध्येच समजून घेता येईल. साखरेचा पाक निवांत ठेवला तर खडीसाखर धरते आणि तोच पाक घाईत थंड केला तर नुसती काचेसारखी गोळी होते. दाणे मोठे की बारीक ते वेळेवर. बरोबर ना शिलारसदादा?

शिलारस:

पहिल्या प्रश्नापुरतं झकास. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हे पुरत नाही, कारण पाकात एकच पदार्थ आहे. शिलारसात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम अशी सगळी पंगत बसलेली असते आणि ती एकदम उठत नाही. नॉर्मन बोवेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० आणि १९२० च्या दशकांत प्रयोगशाळेत कृत्रिम शिलारस वितळवून आणि थंड करून हे दाखवलं. आधी ऑलिव्हिन गोठतं, मग पायरॉक्झिन, मग ॲम्फिबोल, मग काळा अभ्रक. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार गोठत असतं, सुरुवातीला कॅल्शियमवालं, नंतर नंतर सोडियमवालं. शेवटी उरलेल्या रसातून पोटॅश फेल्डस्पार, पांढरा अभ्रक आणि सगळ्यात शेवटी क्वार्ट्झ.

आता गंमत अशी की आधी गोठलेले ऑलिव्हिनसारखे जड स्फटिक तळाशी बसले किंवा बाजूला पडले, तर उरलेल्या रसातून लोह-मॅग्नेशियम निघून गेलं आणि सिलिकाचं प्रमाण वाढलं. म्हणजे बेसॉल्टच्या रसापासून सुरुवात करून शेवटी थोडासा ग्रॅनाइटी रस मिळू शकतो. थोडासाच हं. जगातले सगळे ग्रॅनाइट असे बनले असं कोणी म्हणत नाही, कारण मोठमोठ्या ग्रॅनाइटसाठी बेसॉल्ट अतोनात लागेल, बरेचसे ग्रॅनाइट खंडांचं जुनं कवच खालून तापून अर्धवट वितळल्याने झालेत. आपल्या दख्खनच्या पसाऱ्यातसुद्धा पश्चिमेच्या कडेला हे सिलिकावाले मासले आहेत, पावागडला रायोलाइट आहे, गिरनारला तर गॅब्रोपासून सायनाइटपर्यंत बरंच काही एकाच डोंगरात आहे, मुंबईत मालाड-कांदिवलीकडे रायोलाइट-ट्रॅकाइट आहेत. मुंबईतल्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींचा तो पिवळसर 'मालाड स्टोन' त्याच गोतावळ्यातला.

इंजिनियर_बाबू:

छान चर्चा. थोडक्यात सांगायचं तर पृथ्वीच्या कवचाखाली वितळलेल्या लाव्ह्याचा समुद्र आहे आणि जिथे कवच तडकतं तिथून तो बाहेर येतो. दख्खनला तेच झालं.

शिलारस:

बाबूराव, हा समुद्र सगळ्यांच्या डोक्यात असतो आणि तो काढणं फार अवघड असतं. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या आडव्या, म्हणजे एस लहरी द्रवातून जात नाहीत, आणि त्या प्रावरणातून मजेत जातात. द्रव आहे तो बाहेरचा गाभा, सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर, आणि तो लोखंडाचा, त्याचा लाव्ह्याशी काही संबंध नाही. प्रावरण गरम भरपूर आहे पण वरच्या दाबामुळे वितळत नाही.

मग शिलारस येतो कुठून? एक, तो गरम घन दगड अतिशय सावकाश वर सरकतो, वर येताना दाब कमी होतो, तापमान फारसं कमी होत नाही, आणि थोडासा भाग वितळतो. समुद्रतळाच्या मधल्या कण्यांवर, म्हणजे पाण्याखालच्या लांबलचक डोंगररांगांवर, हेच चालतं. उष्णता वाढवायची गरजच नाही, दाब काढला की झालं. दुसरं, समुद्रतळाची प्लेट दुसरीखाली खचते तिथे ती आपल्याबरोबर पाणी नेते, ते पाणी वरच्या प्रावरणात शिरलं की दगडाचा वितळबिंदू खाली येतो. इंडोनेशिया, जपान, अँडीज हे सगळे त्या जातीचे, आपलं अंदमानातलं बॅरन बेटही त्याच रांगेतलं, १९९१ मध्ये दीर्घ झोपेनंतर जागं झालं. तिसरं, खालून आलेल्या बेसॉल्टच्या रसाने वरचं कवच तापून वितळतं, तिथून ग्रॅनाइटी रस. आणि लक्षात घ्या, पूर्ण वितळणं जवळपास कुठेच नाही, थोडे टक्के वितळतात आणि तेवढं वर चढतं, मागे उरलेला दगड वेगळाच होऊन बसतो. बेसॉल्टमध्ये प्रावरणापेक्षा सिलिका जास्त का, याचं उत्तर तिथे आहे.

दख्खन पहिल्या प्रकारातला. भारत उत्तरेला सरकत असताना आज जिथे रियुनियन बेट आहे त्या गरम ठिपक्यावरून (हॉटस्पॉट, जिथे खालून गरम दगड वर येत राहतो) गेला, हे बहुतेकांना मान्य असलेलं चित्र. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस ही त्याच वाटेवरची नंतरची माळ आणि रियुनियनचा ज्वालामुखी आजही अधूनमधून लाव्हा ओकतो.

गड_भटक्या:

शिलारसदादा एक जुना वाद मिटवा. आमच्या ट्रेक ग्रुपात निम्मे लोक छातीठोक सांगतात की सिंहगड हा मृत ज्वालामुखी आहे, वर सपाट म्हणजे तोंड बुजलेलं. कोणी म्हणतं कळसूबाईसुद्धा. मी नाही म्हणतो पण मला नीट सांगता येत नाही.

शिलारस:

तुम्ही बरोबर. सिंहगड, राजगड, पुरंदर, आपली पर्वती, चतुःशृंगी, वेताळ टेकडी, यातलं एकही ज्वालामुखीचं तोंड नाही. दख्खनचा लाव्हा शंकूच्या तोंडातून आलाच नाही, लांबच लांब भेगांतून आला आणि पसरत गेला. बेसॉल्टचा रस ११०० ते १२०० अंशांचा आणि पातळ, तो साचून उंच शंकू करत नाही. थरावर थर बसले, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि आज उरलंय तेसुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे, सह्याद्रीत जाडी २ किलोमीटरच्या घरात. मग नद्यांनी आणि पावसाने ते कापलं. कापून जे उरलं ते डोंगर. म्हणजे सिंहगडाचा माथा आणि समोरच्या डोंगराचा माथा हे एकेकाळच्या सलग पठाराचे तुकडे. तोंड बुजून सपाट झालेलं नाही, थर आडवे आहेत म्हणून सपाट.

पुढच्या वेळी चढताना कडा आणि सपाटी यांची आलटून पालटून रचना बघा. प्रवाहाचा मधला भाग घट्ट, सावकाश थंड झालेला, तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग वायूच्या फुग्यांनी सच्छिद्र, तो लवकर झिजून पायरी होते. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, त्याला लाल बोल म्हणतात, ती म्हणजे खालच्या थराची झीज होऊन तयार झालेली माती-राख, वरून आलेल्या लाव्ह्याने भाजलेली. घाटरस्त्यांच्या कापलेल्या भिंतींत मस्त दिसतो. तो पट्टा म्हणजे मधली सुट्टी. एक उद्रेक झाला, दगड थंड झाला, माती झाली, कुठे तळी झाली, त्यात गोगलगायी-वनस्पती आल्या आणि मग पुन्हा लाव्हा.

भेगा कुठे गेल्या विचारा. त्या भेगांत शेवटी अडकून गोठलेला रस म्हणजे डाइक, उभ्या दगडी भिंती. संगमनेरकडे आहेत, मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला छान दिसतात. आणि डाइकमधला दगड कुठला? पुष्कळदा डोलेराइट. ओट्याचा भाऊ.

निवांत:

डायनासोर डायनासोर! कोणीतरी विचारा.

शिलारस:

विचारलंत. दख्खनचे उद्रेक आणि मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला आदळलेला अशनी दोन्ही ६ कोटी ६० लाखांच्याच आसपासचे, खून कोणी किती केला यावर भांडण चालू आहे, अशनीवाल्यांचं पारडं सध्या जड. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तो विषय आला की मूळ प्रश्न वाहून जातो.

सासवडची_लेक:

मी विज्ञानातली नाही पण आमच्याकडे विहिरी खणणाऱ्यांना हे सगळं वेगळ्या भाषेत माहीत असतं. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागला की सुरुंगाशिवाय पर्याय नाही. वडील सांगायचे की काळा पाषाण नुसता घट्ट लागला तर पाणी विसरा, पण पाषाण फोडून खाली भोकाभोकांचा किंवा लाल थर लागला की झरे सुटतात. आणि जातं, पाटा-वरवंटा करणारे लोक दगड वाजवून घेतात, ठणठण वाजला तरच पाट्याला घ्यायचा. नाहीतर टाकी लावताना कपचा उडतो.

शिलारस:

ताई तुमच्या वडिलांनी एका वाक्यात भूजलशास्त्र सांगितलं. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी राहायला जागा नाही, भेगा असतील तेवढंच. दोन प्रवाहांच्या सांध्यात, सच्छिद्र भागात आणि मुरमात पाणी. मुरूम म्हणजे दुसरं काही नाही, झिजलेला, कुजलेला बेसॉल्टच. म्हणून शेजारच्या प्लॉटला दीडशे फुटांवर पाणी आणि आपल्याला चारशेला कोरडं, असं पुण्यात घरोघरी होतं.

फक्त एक भर घालतो. त्या सच्छिद्र थरातली भोकं नेहमी रिकामी नसतात. लाव्हा थंड झाल्यावर फार नंतर त्यातून गरम पाणी फिरलं आणि भोकांमध्ये दुसरी खनिजं बसली. झिओलाइट आणि त्यांची भावंडं, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट. पुण्याच्या आसपासच्या खाणी यासाठी जगात नावाजलेल्या आहेत. वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट, गडद निळं, परदेशातल्या संग्रहालयांत काचेत ठेवतात आणि इथे क्रशरवाल्याने त्याच दगडाची खडी करून रस्त्यावर पसरलेली असते. आता वर्गवारीच्या दृष्टीने मुद्दा हा की ही खनिजं बेसॉल्टच्या जन्माची नव्हेत. मोठे मोठे सुंदर स्फटिक दिसतात म्हणून कोणी म्हणेल दगड सावकाश थंड झाला, तर ते चूक. भोकातला स्फटिक मोजायचा नाही, अंगातला मोजायचा.

कडवट_कॉफी:

मी मंचरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक काळा दगड बघितलाय, त्यात पांढऱ्या लांबट पट्ट्या होत्या, दोन-दोन इंचाच्या, सगळीकडे विखुरलेल्या. तो पण झिओलाइट का? भोकं नव्हती मात्र, अंगातच रुतलेल्या होत्या.

शिलारस:

वा! नाही, ते झिओलाइट नाही. ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. तुम्ही बघितला तो जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट, मंचर-जुन्नरच्या पट्ट्यातला प्रसिद्ध आहे, भूशास्त्राच्या पेपरांत 'मंचर जीपीबी' याच नावाने येतो. आणि धाग्याच्या मूळ प्रश्नासाठी याच्यासारखं उदाहरण नाही. एकाच दगडात बोटभर स्फटिक आणि भोवती डोळ्यांना न दिसणारे बारीक दाणे. म्हणजे थंड होणं दोन टप्प्यांत. आधी खाली कुठेतरी रस मुरत पडला, तिथे फेल्डस्पार सावकाश वाढलं, मग तो सगळा रस स्फटिकांसकट वर आला आणि उरलेला भराभर गोठला. अशा पोताला पोर्फिरिटिक म्हणतात. 'मोठे दाणे म्हणजे आत, बारीक म्हणजे बाहेर' हे पुस्तकी वाक्य इथे अडखळतं, उत्तर 'दोन्ही' असं असतं.

दख्खनचे थर ओळखायला, म्हणजे कुठला प्रवाह खालचा कुठला वरचा हे लावायला, असे खुणेचे थर फार उपयोगी पडले. भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्या गावांची नावं थरांना दिलेली आहेत आणि त्यातले फरक डोळ्यांपेक्षा रसायनात जास्त आहेत. हातात घेतलं तर सगळेच काळे.

इंजिनियर_बाबू:

मग नाव द्यायचं कसं? डोळ्यांना दाणे दिसत नाहीत, रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मग बेसॉल्ट आणि अँडेसाइट यात फरक कोण सांगणार?

शिलारस:

रास्त प्रश्न. दाणे मोठे असतील तर खनिजं मोजायची. क्वार्ट्झ किती, पोटॅश फेल्डस्पार किती, प्लॅजिओक्लेज किती, आणि क्वार्ट्झ नसेल तर त्याच्या जागी नेफेलिनसारखी खनिजं किती. श्ट्रेकाइजन नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय समितीने हे चौकटीत बसवलं, दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून काढलेले असतात आणि तुमचा दगड त्यात कुठे पडतो ते बघायचं. त्या हिशेबाने ग्रॅनाइट म्हणवून घ्यायला फिकट रंगाच्या खनिजांत क्वार्ट्झ २० ते ६० टक्के हवं आणि पोटॅश फेल्डस्पारही पुरेसं हवं. तुमच्या काळ्या स्लॅबला इथे दारातूनच परत पाठवतील.

बारीक दाण्यांना दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा त्यातून प्रकाश आरपार जातो आणि खनिजं रंगारंगांनी ओळखू येतात. त्यानेही भागलं नाही, किंवा दगडात काचच असली, तर भुकटी करून रासायनिक पृथक्करण. आडव्या अक्षावर सिलिका, उभ्या अक्षावर सोडियम अधिक पोटॅशियम, जिथे टिंब पडेल ते नाव. आपला दख्खन बेसॉल्ट बहुतेक ४८ ते ५० टक्क्यांच्या आसपास टिंब टाकतो.

खडूस_काका:

एवढं सगळं वाचलं. आता सांगा माझ्या कडप्प्यात सिलिका किती.

शिलारस:

काका, कडप्पा तुमचा गाळाचा चुनखडक. या धाग्यात त्याला प्रवेश नाही. शहाबादी आणि कोटाही त्याच जातीचे. लिंबू कापून तसंच ठेवलं की पांढरा डाग पडतो ना, तो चुना खाल्ल्याचा. संगमरवर म्हणजे तोच चुनखडक दाबाने-उष्णतेने रूपांतरित झालेला, म्हणून त्यालाही लिंबू चालत नाही. डोलेराइट, गॅब्रो, ग्रॅनाइट यांना लिंबाचं काही वाटत नाही. तेव्हा कोथरूडताई, भूशास्त्राने काहीही म्हणो, ओट्याला दुकानदाराचा दगड चांगला आहे, उलट क्वार्ट्झ नसूनही डोलेराइट फार चिवट असतो. फक्त फिकट दगड काळ्या रंगाने रंगवून विकतात तो नको. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपऱ्यात घासा, फडकं काळं झालं तर पुढचं दुकान.

खडूस_काका:

लिंबाच्या डागावरून आमच्याकडे सत्तर सालापासून वाद आहे की डाग कोणी पाडला. आज कळलं की चुन्याने पाडला. हिला सांगतो.

कोथरूडची_मी:

लोल काका. शिलारसदादा, लेकाचा आता पुढचा प्रश्न आलाय, तो म्हणतो आपल्या पुण्यात खरा ग्रॅनाइट बघायला मिळेल का, टेकडीवर कुठे?

शिलारस:

टेकडीवर नाही. पण पायाखाली आहे, खूप खाली. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तिथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तर सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि नाइस (दाबाने-उष्णतेने रूपांतरित झालेला पट्टेदार खडक) लागले, लाव्ह्यापूर्वीची जुनी जमीन. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खणलं तिथे बेसॉल्ट सुमारे ३४० मीटरवरच संपला, कारण पूर्वेला थर पातळ होत जातात. आणखी पूर्वेला नांदेडच्या देगलूर बाजूला किंवा विदर्भात भंडारा-गोंदियाकडे तर तो उघडाच पडलाय. गाडी काढणार असाल तर सरळ हंपीला जा. ते गोल गोल धोंडे सगळे ग्रॅनाइटच्या गोतातले, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे, दाणे चष्म्याशिवाय मोजता येतील. हैदराबादला गोवळकोंड्यावरही चालेल.

गड_भटक्या:

म्हणजे पुणे जिल्ह्यात सिलिकावालं काहीच नाही? सगळा काळा कारभार?

सासवडची_लेक:

थांबा, जुन्नरकडे कुकडी नदीच्या काठावर पांढरी ज्वालामुखीची राख सापडली आहे असं ऐकलंय. बोरी गावाला. तीही दख्खनचीच ना?

शिलारस:

नाही, आणि बरं झालं आठवण काढलीत. बोरीची राख रायोलाइटी आहे, म्हणजे ग्रॅनाइटच्या कुटुंबातली, सिलिका ७० टक्क्यांच्या वर. पण ती इथली नाहीच. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, वाऱ्यावर येऊन पडलेली आणि नदीने गाळात दाबून ठेवलेली. कऱ्हा नदीवर मोरगावलाही आहे. जाड, चिकट, वायूने भरलेला रस असला की तो वाहत नाही, त्याचा स्फोट होऊन चुरा होतो आणि चुरा हजारो किलोमीटर जातो. दख्खनच्या पातळ बेसॉल्टला हे जमलं नसतं, त्याने पसरूनच काम केलं.

राख म्हणजे काचेचे सूक्ष्म कपचे. त्यात दाणे बघायचा प्रश्नच नाही, डोळ्यांना पिठीच. टोबाची आहे हे ठरलं ते रसायनावरून. भांडण आहे ते वयाचं. टोबाचा सगळ्यात मोठा उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याआधीचा एक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा, आणि दोन्हींची राख रसायनाने एकमेकींच्या इतकी जवळ की बोरीची नक्की कुठली यावर वर्षानुवर्षं पेपर निघाले. भांडण एवढ्यासाठी की त्या राखेच्या जोडीला अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्यात. राख ८ लाखांची म्हटली तर हत्यारं फार जुनी, ७४ हजारांची म्हटली तर त्या मानाने कालपरवाची.

गड_भटक्या:

कुठली बाजू तुमची?

शिलारस:

नदीच्या गाळात राख एकदा वाहून पुन्हा बसू शकते आणि हत्यारंही. तो थर जागचा आहे की वाहत आलेला, हे आधी ठरवा, मग वय विचारा. मी त्या बाजूचा.